शेतातला युनिव्हर्सल कॅरियर घरच्या गॅरेजात उभा करायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडात लेस्टरशायरमधल्या एका शेतावर झुडपात पडलेला युनिव्हर्सल कॅरियर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लोखंडी पट्ट्यांवर (ट्रॅकवर) चालणारी ब्रिटिशांची छोटी उघडी चिलखती गाडी, विकत मिळतोय. सांगाडा बराचसा पुरा, फोर्डचं व्ही-८ इंजिन जागेवर पण जाम, ट्रॅक एकाच बाजूचा, मडगार्ड गेलेले. विचारणाऱ्याकडे एका गाडीचं गॅरेज, बरं वेल्डिंग मशीन आणि शनिवार-रविवार आहेत. आधी सगळी गाडी खोलायची, सांगाडा सँडब्लास्ट करून रंगवायचा आणि मग एकेक वस्तू दुरुस्त करून बसवत जायचं, असा बेत आहे. आजोबा इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीत कॅरियर चालवायचे, म्हणून गाडी त्यांच्या पलटणीच्या खुणांत हवी आहे. हे घरी जमेल का, आणि सुरुवात कुठून करू?

घरी जमेल. बेत मात्र उलटा करा. रणगाडा जातीच्या वाहनाचं काम वेल्डिंग येत नाही म्हणून क्वचितच अडतं. ते अडतं वजनापाशी आणि क्रमापाशी. हौसेने पहिल्या उन्हाळ्यात सुटा केलेला आणि पाच-दहा वर्षांनी खोक्यांसकट विकायला काढलेला कॅरियर इंग्लंडात शोधावा लागत नाही. म्हणून माझा एकच नियम आहे: गाडी कुठल्याही दिवशी ओढून बाहेर काढता आली पाहिजे. एका वेळी एकच भाग खोला आणि तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

नियमाचं कारण टेपने मोजून बघा. कॅरियरची रुंदी सुमारे २.०६ मीटर. इथल्या साध्या गॅरेजचं दार बहुधा सात फुटी, म्हणजे २.१३ मीटर. गाडी आत जाईल, पण तिच्या बाजूने तुम्ही जाऊ शकणार नाही. बोगीचं (ट्रॅकच्या आतल्या चाकांच्या जोडीचं) काम असलं की गाडी अर्धी तरी बाहेर हवी, म्हणजे ती ओढली की गडगडत येणारी हवी. पूर्ण गाडीचं वजन चार टनांच्या आसपास. ट्रॅकवर उभी असताना ते पसरतं, घरच्या फरशीला काही होत नाही. जॅक आणि स्टँडवर घेतली की तेच वजन चार ठिपक्यांवर येतं आणि चार इंची काँक्रीट फुटतं. स्टँडखाली जाड लोखंडी पाटे टाका. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, रेल्वेच्या स्लीपरचे ठोकळे रचूनच जायचं. छताच्या तुळईला चेनपुली अडकवून इंजिन काढायचा मोहही टाळा. त्या तुळया कौलांचं वजन पेलण्यापुरत्या असतात. चाकांवरची घडीची क्रेन भाड्याने मिळते.

शेतावरून गाडी आणणं हा पहिला खर्च. मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरची इथली मर्यादा ट्रेलरसकट ३,५०० किलो आहे, त्यात कॅरियर बसत नाही. विंच असलेला लॉरीवाला बोलवा. ट्रॅक नसलेल्या बाजूच्या रबरी चाकांखाली फळ्या टाकत हळू ओढायला सांगा. जाम झालेला मागचा आस जोर लावून फिरवायला गेलात तर दात तुटतील. त्यापेक्षा हाफ-शाफ्ट (आसातून ट्रॅककडे फिरकी नेणारे दांडे) आधी काढून घ्या.

पैसे देण्याआधी गाडी नक्की कोणती ते बघा. युनिव्हर्सलला प्रत्येक बाजूला पुढे दोन चाकांची एक बोगी आणि मागे एकच चाक असतं. दोन्ही बोग्या दोन-दोन चाकांच्या असतील, सांगाडा लांब वाटत असेल आणि स्टिअरिंगच्या चाकाऐवजी दांडे असतील, तर तो अमेरिकन टी-१६. त्याचे बरेच भाग युनिव्हर्सलला लागत नाहीत. लॉइड कॅरियर हे तर वेगळंच वाहन आहे, त्याची स्प्रॉकेटं (ट्रॅक ओढणारी दातेरी चाकं) पुढे असतात. युनिव्हर्सलची स्प्रॉकेटं मागे आणि आयडलर (ट्रॅकला ताण देणारं मोकळं चाक) पुढे. एकट्या इंग्लंडात हे कॅरियर एव्हलिंग-बारफर्ड, सेंटिनेल, थॉर्नीक्रॉफ्ट, वूल्झली आणि फोर्ड अशा पाच कारखान्यांत बनले. शिवाय कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. सगळे धरून एक लाखाच्या वर. त्यामुळे एका कारखान्याची प्लेट दुसऱ्याच्या सांगाड्यावर आणली की भोकं जुळतीलच असं नाही.

इंजिन जाम आहे म्हणून घाबरू नका. विक्रेताही तेच पुढे करून किंमत कमी केल्याचं दाखवतो. फोर्डचं हे साइड-व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेलं) व्ही-८ मोटारी आणि ट्रकांत लाखोंनी गेलं. पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट, पंप अमेरिकेत आजही नवे बनतात. अडकवतात ते कॅरियरचेच भाग: बोगीचे ओतीव हात, आयडलरचा ताण द्यायचा जोड, स्टिअरिंगची आडवी नळी, स्प्रॉकेटची कडी, इंजिनावरची झाकणं, चिलखती दारांच्या बिजागऱ्या. युद्धानंतर शेतकऱ्यांनी हे कॅरियर ट्रॅक्टरसारखे वापरले आणि वरचं चिलखत गॅसने कापून टाकलं. कापलेला सांगाडा आणि चालू इंजिन, की पुरा सांगाडा आणि गोठलेलं इंजिन, अशी निवड आली तर दुसरी गाडी घ्या. तुमची तशीच दिसते.

पहिल्या दिवशी पाना नको, हातमोजे आणि मास्क. तळातली माती हाताने उपसू नका, फावडीने थोडी थोडी काढा. .३०३ ची (ब्रिटिश रायफलीची) काडतुसं तळाशी सापडणं नवल नाही. गाडी कधी गोळीबाराच्या मैदानावर लक्ष्य म्हणून ठेवलेली असेल तर त्याहून वाईट वस्तू निघतात. संशयास्पद काही दिसलं की काम थांबवा, माणसं दूर न्या आणि पोलिसांना फोन करा. ती वस्तू बादलीत घालून पोलीस चौकीत नेणारे महाभाग असतात, तसं करू नका. ब्रेकची अस्तरं, एक्झॉस्टची गॅस्केटं आणि गुंडाळ्या ॲस्बेस्टॉसच्या आहेत असंच धरून चाला. ओली करून काढा, दुहेरी पिशवीत बांधा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. डायलचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर त्यात रेडियम असू शकतं. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. असा डायल उघडू नका, खरवडू नका. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून ग्राइंडरने कोरडा रंग उडवणंही बंद.

आता खरं काम, आणि ते खालून सुरू होतं. बोग्या हॉर्स्टमन पद्धतीच्या आहेत, त्यांत दाबलेल्या कॉइल स्प्रिंगा असतात. स्प्रिंग मोकळी करताना लांब आट्यांचे दोन जाड रॉड आणि पाटे यांचा शिकंजा करा आणि दोन्ही बाजू सारख्या ढिल्या करत चला. घाई केली तर ती स्प्रिंग जबडा फोडेल. चाकांवरचं रबर ऐंशी वर्षांत दगड होतं किंवा लोखंडापासून सुटतं. ते घरी होत नाही. रबर चढवून देणाऱ्यांकडे सगळी चाकं एकदम पाठवा, कारण वेगवेगळ्या व्यासाची चाकं एकाच बाजूला आली की नवं रबर लवकर फाटतं. चाकं तिकडे असताना इकडे बेअरिंगं, सील आणि बुश उरकून घ्या.

या गाडीची सगळी गंमत स्टिअरिंगमध्ये आहे आणि नवे लोक तिथेच फसतात. चाक थोडं फिरवलं की सांगाड्यातून आरपार गेलेली आडवी नळी बाजूला सरकते, तिच्या दोन टोकांना असलेल्या पुढच्या बोग्या तिच्याबरोबर सरकतात आणि ट्रॅक कमानीसारखा वाकतो. गाडी ब्रेक न लावता हलकं वळण घेते. चाक आणखी फिरवलं की त्या बाजूच्या मागच्या ड्रमला ब्रेक लागतो आणि गाडी झटक्यात फिरते. नळीचे बुश झिजलेले असतील तर गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते, आणि मालक ब्रेक जुळवत बसतो. आधी नळी. ती गंजून जाम असेल तर घण मारू नका. गरम करा, भेदक तेल घाला, दोन दिवस थांबा, परत गरम करा. टोकांना ताण देऊन ठेवला की एखाद्या सकाळी ती आपणहून सरकलेली असते.

ट्रॅकचा दुसरा पट्टा शोधताना एकाच झिजेच्या कड्या मिळतील असं बघा. कड्या ओतीव, पिना कोरड्या, वंगण नाही. पीन आणि भोक झिजलं की प्रत्येक कडीचं अंतर केसभर वाढतं, आणि संपूर्ण पट्ट्यात ते इंचांत जातं. एका बाजूला ताणलेला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा पट्टा बसवला तर गाडी सतत एकीकडे ओढते. झीज मोजायला दहा कड्या ताणून जमिनीवर टाका आणि पिनेपासून पिनेपर्यंत टेप लावा. मग दुसऱ्या दहा. तडा गेलेल्या कड्या हातोडीच्या आवाजावरून कळतात. चांगली कडी घणघणते, फुटकी बद्द वाजते. चढवायची रीत जुनीच: पट्टा गाडीपुढे जमिनीवर सरळ अंथरा, चाकं त्यावर ओढून घ्या, मागचं टोक दोराने स्प्रॉकेटवरून घ्या आणि पुढे आयडलरपाशी पिनेने जोडा. बोटं मध्ये घालायची नाहीत, भोकं सुंभ्याने जुळवायची. ताण जास्त देण्याचा मोह फार होतो. कॅरियरला झोळ हवीच, कारण ट्रॅक वाकवूनच ती वळते. घट्ट ट्रॅकने स्टिअरिंग जड होतं आणि आयडलरचं बेअरिंग जातं.

गाडी गडगडायला लागली की इंजिन काढा. ते माणसांच्या मधोमध, लोखंडी झाकणाखाली बसतं. सिलिंडरांत ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समभाग घालून काही आठवडे मुरू द्या. हे मिश्रण भसकन पेटतं, गॅरेजात हिटर असेल तर बाहेर करा. डोक्याचे (सिलिंडर हेडचे) स्टड ही खरी परीक्षा आहे. नंतरच्या ब्लॉकला एका डोक्याला २४, जुन्याला २१. ते पाण्याच्या पोकळीत उतरतात, म्हणून खालून गंजलेले असतात. नट सुटला तरी डोकं स्टडवरून सरकत नाही, आणि पहार घालून उचललं की डोकं फुटतं. तापवा, मेण लावा, ठोका, परत तापवा. स्टड तुटला तर मध्यभागी डॉट मारून ड्रिल प्रेसवर भोक पाडा. हातातल्या ड्रिलने ते तिरपं जाणार.

या इंजिनाचा मूळ दोष त्याच्या रचनेत आहे. एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या पोकळीला खेटून बाहेर जाते. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांची तर वाट एकच. जळालेल्या वायूची उष्णता थेट पाण्यात उतरते आणि इंजिन तापतं. त्यात पोकळीत गंज आणि ओतकामाची वाळू साठलेली असली की व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडा जातो. म्हणून ब्लॉक पूर्ण मोकळा झाला की पहिला खर्च तडे तपासण्याचा आणि पाण्याचा दाब देऊन बघण्याचा. बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग या गोष्टी ब्लॉक पास झाल्यावर. नाहीतर नवे पिस्टन फुटक्या ब्लॉकमध्ये बसतात. बारीक तडा धातूच्या टाक्यांनी शिवता येतो, पण ते जाणकाराकडेच द्या. बैठकीजवळ एकाहून जास्त तडे असतील तर दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त पडतं. पोकळी साफ करायला जुन्या स्पीडोमीटरची तार, तारेचा ब्रश आणि भरपूर सबुरी लागते. पाण्याचे पंप दोन आहेत, प्रत्येक बाजूला एक. दोन्ही नवे करा. रेडिएटर नुसता धुऊन भागत नाही, गाभा बदलून घ्या. पुढे गाडी रांगेत उभी असताना इंजिन तापल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या निम्म्या या ठिकाणी केलेल्या काटकसरीच्या असतात.

जोडताना दोन बाबी. मूळ टॅपेटांना (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांना) जुळवणीचा स्क्रू नसतो, फट व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक घासून आणावी लागते. जास्त घासलं गेलं तर व्हॉल्व्ह वाया. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात ठेवा आणि घास थोडा थोडा घ्या. सिलिंडरांचे क्रमांक एका बाजूला १ ते ४ आणि दुसऱ्या बाजूला ५ ते ८ असे जातात, ठिणगीचा क्रम १-५-४-८-६-३-७-२. दुसऱ्या व्ही-८ इंजिनांच्या सवयीने वायरी लावल्या तर कार्बुरेटरमधून भडका येतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-१०. त्यातल्या इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या विरघळतात, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारचे घ्या आणि शक्यतो महागडं ई-५ वापरा.

नट-बोल्टांची एक कटकट आधीच सांगतो. सांगाडा विकर्स कंपनीच्या ब्रिटिश वळणाचा, म्हणून तिथे बीएसएफ आणि व्हिटवर्थ हे जुने ब्रिटिश आटे. इंजिन फोर्डचं, तिथे अमेरिकन आटे. व्हिटवर्थचा कोन ५५ अंश, अमेरिकन ६०. काही मापांना इंचातल्या आट्यांची संख्या सारखी असल्यामुळे चुकीचा नटही चढतो, घट्टही वाटतो आणि हादऱ्याने सुटतो. दोन रंगांचे डबे करा, आटे मोजायचं पान घ्या. महाराष्ट्रात जुन्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्यांकडे बीएसडब्ल्यू (व्हिटवर्थ) पान्यांचा संच असतो. कोणी मामा-काका देत असतील तर पुढच्या खेपेला सामानात घेऊन या.

सांगाड्याचं चिलखत पुढे १० मिलिमीटर, बाजूला सुमारे ७. इतका जाड पत्रा गंजून आरपार जाणं कमीच. गंज धरतो तो दोन प्लेटांच्या सांध्यात. तिथे तो फुगतो, प्लेटा फाकतात आणि रिव्हेटांची डोकी उडतात. असा सांधा वरून वेल्ड करून बुजवू नका. डोकी ग्राइंडरने काढा, मधोमध ड्रिल करा, सुंभ्याने रिव्हेट बाहेर मारा, प्लेट सुटी करून साफ करा आणि परत रिव्हेट मारा. चिलखती पोलादावर साधं ड्रिल जळतं. कोबाल्टचं घ्या, फेरे कमी, दाब जास्त. गरम रिव्हेटिंग दोघांचं काम आहे: एकाने लाल रिव्हेट आतून बसवून डॉलीने (जड लोखंडी ठोकळ्याने) रेटायचा, दुसऱ्याने हवेच्या हातोडीने डोकं घडवायचं. थंड होताना रिव्हेट आकसतो आणि प्लेटा आवळून धरतो. गोल डोक्याचे बोल्ट लावूनही काम चालतं आणि दिसतंही बरं, पण बोगीच्या आधारांजवळ तसं करू नका. तिथे हादरे फार.

चिलखतावर वेल्डिंग करायचंच असेल तर साध्या रॉडने नाही. या पोलादात हायड्रोजन शिरला की दुसऱ्या दिवशी वेल्डच्या कडेने तडा जातो, कधी आवाजासह. जागा शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापवा, कोरडे केलेले लो-हायड्रोजन रॉड वापरा किंवा ऑस्टेनिटिक स्टेनलेसचे, आणि काम झाल्यावर ब्लँकेट टाकून सावकाश थंड होऊ द्या. गेलेल्या प्लेटच्या जागी साधं पोलाद लावायला माझी हरकत नाही. आता कोणी गोळ्या झाडणार नाही. फक्त कुठे काय लावलं त्याची वही ठेवा, पुढच्या मालकाला लागेल.

बारीक भागांचा गंज काढायला दोन घरगुती उपाय. एक, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून. ॲनोड साध्या लोखंडाचा घ्या, स्टेनलेसचा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. गॅस निघतो म्हणून दार उघडं ठेवा. स्प्रिंगा या टाकीत घालू नका, त्या ठिसूळ होतात. दुसरा उपाय साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला लगेच पटेल: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि काही आठवडे विसरून जायचं. इथे मळी घोड्यांचं खाद्य म्हणून मिळते. लोखंड न खाता गंज निघतो, पण ॲल्युमिनियम आणि जस्त त्यात घातलं तर ते संपलं. वासावरून शेजारी बोलतील, पिंप बागेच्या टोकाला ठेवा.

रंग अगदी शेवटी, आणि तुमच्या बाबतीत आधी कागद. आजोबांची पलटण कोणती ते नक्की करा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या दोघांपैकी नामदेव जाधवांची १/५ मराठा (५व्या मराठा रेजिमेंटची १ली बटालियन) ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, यशवंत घाडग्यांची ३/५ मराठा १०व्या डिव्हिजनमध्ये. डिव्हिजन बदलली की पुढच्या पाट्यावरची खूण बदलते. रंगाचंही तसंच. इंग्लंडात १९४२ पासून एससीसी (लष्करी रंगांची ब्रिटिश मानक यादी) २ हा तपकिरी आणि १९४४ पासून एससीसी १५ हा हिरवट ऑलिव्ह ड्रॅब चालला, म्हणून इथल्या बहुतेक गाड्या त्या हिरव्यात दिसतात. इटलीच्या आघाडीवर १९४३ पासून फिक्या मातकट रंगावर काळे पट्टे अशी वेगळीच रीत होती. तुमची गाडी प्रत्यक्षात तिथे गेली नसेल, त्याने बिघडत नाही. पण नॉर्मंडीचा हिरवा रंग आणि त्यावर इटलीतल्या पलटणीची खूण असा संकर करू नका. गाडीचा स्वतःचा क्रमांक टी अक्षराने सुरू होतो. तो बाजूच्या प्लेटवर जुन्या रंगाच्या थरांखाली असू शकतो, म्हणून तेवढी जागा सँडब्लास्ट न करता ओल्या बारीक पॉलिश पेपरने थर थर उतरवून बघा. रंग ब्रशने द्या. लष्करातही कित्येकदा ब्रशच होता, आणि आरशासारखा फवारलेला कॅरियर माझ्या डोळ्याला खेळण्यासारखा दिसतो.

ब्रेन गन (हलकी मशीनगन) लावायची असेल तर प्रमाणपत्रासह निकामी केलेली घ्या, नाहीतर सरळ लाकूड-लोखंडाची प्रतिकृती. प्रमाणपत्राविना मिळणाऱ्या ‘स्वस्त’ बंदुकीच्या वाटेला जाऊ नका. चाळीस वर्षांहून जुनं वाहन म्हणून एमओटी (वाहनाची वार्षिक तपासणी) आणि रोड टॅक्सची सूट मिळू शकते, तरी नोंदणी आणि विमा लागतोच. शिवाय रस्त्यावर ट्रॅकचं वाहन चालवायला परवान्यात एच वर्ग हवा. मोटारीचा परवाना पुरत नाही.

पहिली धाव गवतावर घ्या, डांबरावर नाही. दहा मिनिटं चालवा, थांबा, हाताने चाकांची तुंबं चाचपा. एखादं दुसऱ्यापेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरतोय. डोकी ओतीव लोखंडाची असतील तर इंजिन गरम असतानाच नट ठरल्या क्रमाने पुन्हा आवळा, ॲल्युमिनियमची असतील तर पूर्ण थंड झाल्यावर. नव्या ट्रॅकच्या पिना पहिल्या काही मैलांत बसतात आणि झोळ वाढते. ती मोजून आयडलर थोडा पुढे घ्या, आणि आयडलर टोकाला पोचला की प्रत्येक बाजूची एकेक कडी काढा.